एकच पत्र, अनेक यंत्रणा : डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास स्वतः चालवून कसा तपासावा

डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी आवृत्ती कोणती, या प्रश्नावर चर्चा सुरू झाली की बहुधा दोनच मापे पुढे केली जातात : किती प्रती खपल्या आणि आधी कोणी केले. ही दोन्ही मापे अपुरी आहेत. १९८१ साली आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकावर माऊस, चिन्हे, फोल्डर आणि कागदासारखा दिसणारा मजकूर हे सारे होते. परंतु एका संचाची किंमत १६ हजार डॉलरच्या पुढे असल्यामुळे तो मोठ्या कचेऱ्यांपलीकडे फारसा पोहोचलाच नाही. माझ्या मते एखादी आवृत्ती प्रभावी ठरते ती तिने लावलेली सवय प्रतिस्पर्ध्यांनाही उचलावी लागली किंवा तिच्याच वारसांना ती मोडता आली नाही, तेव्हा. ही गोष्ट वाचून पटण्यापेक्षा हाताने करून लवकर पटते, आणि त्यासाठी लागणारी साधने आज बहुतेकांच्या घरी असलेल्या संगणकावर विनामूल्य चालतात. ती कशी वापरावीत आणि नेमके काय तपासावे, हे पुढे सांगितले आहे.

तपासणीचे सूत्र साधे आहे : प्रत्येक यंत्रणेवर तेच काम करावे. चार ओळींचे एक पत्र लिहावे. त्यातील तिसरी ओळ उचलून पहिल्या जागी ठेवावी. पत्राला ‘आंब्यांची यादी जून महिना’ असे लांबलचक नाव इंग्रजी अक्षरांत देऊन ते एका फोल्डरमध्ये साठवावे. पत्र उघडे असतानाच दुसरा एखादा प्रोग्रॅम चालवून पाहावा. आणि शेवटी ‘दुसऱ्या कैऱ्या, ॲल्युमिनियमचा डबा’ हे शब्द देवनागरीत लिहिता येतात का, ते पाहावे. वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात जे काम झालेच नाही ते लिहावे, दुसऱ्यात जे काम आजच्यासारखेच झाले ते. पहिल्या रकान्यातील नोंद ज्या आवृत्तीत दुसऱ्या रकान्यात सरकते, ती आवृत्ती थांबून पाहण्याजोगी असते.

साधनांची जुळवाजुळव

जुनी यंत्रणा चालवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक आधी समजून घेतला नाही तर पुढे बराच वेळ वाया जातो. व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधने आभासी संगणक तयार करतात, पण सूचना चालवण्याचे काम तुमच्या खऱ्या प्रोसेसरकडेच सोपवतात. इम्युलेटर मात्र जुना प्रोसेसरही सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. विंडोज ९५ साठी हा फरक निर्णायक आहे. त्या यंत्रणेचे काही भाग सुरू होताना एक ठरावीक आवर्तन चालवून प्रोसेसरचा वेग मोजतात. आजच्या प्रोसेसरवर ते आवर्तन इतक्या झटकन संपते की मोजलेला वेळ शून्य भरतो, शून्याने भागण्याची वेळ येते आणि यंत्रणा सुरू होतानाच कोसळते. म्हणून विंडोज २००० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी, तसेच जुन्या लिनक्ससाठी व्हर्च्युअलबॉक्स पुरेसे आहे. डॉस (विंडोजच्या आधीची, आदेश टाइप करून चालवायची यंत्रणा), विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ साठी ८६बॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स हा इम्युलेटर घ्यावा. मॅकसाठी काहीही न बसवता ब्राउझरमध्येच चालणारे इन्फिनिट मॅक हे संकेतस्थळ आहे. त्यावर पहिल्या सिस्टिमपासून मॅक ओएस ९ पर्यंतच्या आवृत्त्या सुरू करता येतात. आयबीएम पीसीवरील डॉस आणि विंडोज १.० साठी पीसीजेएस हे तसेच दुसरे स्थळ आहे.

आभासी संगणकाला जास्त मेमरी देण्याचा मोह टाळावा. विंडोज ३.१ ला १६ एमबी आणि विंडोज ९५ ला ६४ एमबी भरपूर होतात. विंडोज ९५ ला याच्या कित्येक पट मेमरी दिली तर ती सुरूच होत नाही. वेगाचेही तसेच आहे. ८६बॉक्समध्ये त्या काळाला साजेसा प्रोसेसर निवडावा, म्हणजे विंडोज ३.१ साठी ४८६ आणि विंडोज ९५ साठी पहिल्या पिढीचा पेंटियम. अन्यथा जी गोष्ट लोकांना तेव्हा असह्य संथ वाटत होती ती क्षणात झाल्यासारखी दिसते आणि तिच्यावरचा निकाल चुकतो. जुन्या विंडोजला इंटरनेट अजिबात जोडू नये, आणि यंत्रणा बसवून झाली की तिच्या डिस्कच्या फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

परवान्याचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. फ्रीडॉस, हायकू आणि लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या मुक्त आहेत. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५, २.० आणि ४.०० या आवृत्त्यांचा मूळ कोडही खुला केला आहे. विंडोज मात्र कितीही जुनी असली तरी तिचा स्वामित्वहक्क संपलेला नाही. त्यामुळे स्वतःकडे परवान्यासह असलेल्या सीडी किंवा फ्लॉपीचीच प्रतिमा, म्हणजे फाईलच्या रूपातली हुबेहूब प्रत, काढून वापरणे योग्य. कपाटातल्या जुन्या फ्लॉपी वापरणार असाल, तर धातूची झडप सरकवून आतली चकती आधी उजेडात पाहावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि अशी एक फ्लॉपी ड्राइव्हमधील वाचणाऱ्या शीर्षाला (हेडला) खराब करून पुढच्या सगळ्या फ्लॉपींना ओरखडे पाडते.

डॉस : न दिसणारा वारसा

सुरुवात पीसी-डॉस १.० पासून करावी. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर ती बाजारात आली. मायक्रोसॉफ्टने तिचा पाया, म्हणजे टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही यंत्रणा, सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीकडून घेतला होता; आणि ८६-डॉसची घडण गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या त्याआधीच्या यंत्रणेच्या धर्तीवर झाली होती. पत्र लिहायला बसलात की अडचणी लगेच सुरू होतात. फोल्डर नाहीत. फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि पुढे तीन, एवढीच जागा. दुसरा प्रोग्रॅम सोबत चालवायचा तर पहिला बंद करावा लागतो. पहिला रकाना जवळपास पूर्ण भरतो, आणि घाईने निकाल देणारा इथेच डॉसला प्रभावी यंत्रणांच्या यादीतून काढून टाकतो.

त्याने आपल्या आजच्या विंडोजवर नवा फोल्डर तयार करून त्याला इंग्रजीत सी, ओ, एन या तीन अक्षरांचे नाव देऊन पाहावे. विंडोज ते नाकारते, कारण डॉसमध्ये ते नाव कीबोर्ड आणि पडदा या जोडीसाठी राखून ठेवलेले होते. मुख्य डिस्कला ‘सी’ का म्हणतात, याचे उत्तरही तिथेच आहे : ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हना दिली गेली होती आणि ड्राइव्हला अक्षर देण्याची पद्धत सीपी/एमकडून आली होती. यानंतर मार्च १९८३ ची २.० ही आवृत्ती चालवावी. हार्ड डिस्क असलेल्या पीसी एक्सटीसाठी ती केली होती आणि फोल्डर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत डिरेक्टरी, तिच्यात प्रथम आल्या. साधी तिरकी रेघ १.० मध्येच आदेशांच्या पर्यायांसाठी वापरून झालेली असल्यामुळे डिरेक्टरींच्या मार्गात उलटी तिरकी रेघ घ्यावी लागली, आणि युनिक्सच्या जगाशी विंडोजचे त्या एका रेघेवरून असलेले वाकडेपण आजही टिकून आहे. बघण्यात काही नसलेल्या या दोन आवृत्त्यांना मी यादीत फार वर ठेवतो.

१९८४ चा मॅक

इन्फिनिट मॅकवर सिस्टिम १ सुरू करावी. मूळ यंत्र २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलरना विक्रीस आले. १२८ केबी मेमरी, ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा आणि ४०० केबीची एक फ्लॉपी, एवढाच त्याचा संसार होता. ॲपलच्याच आदल्या वर्षीच्या लिसा या संगणकाची किंमत ९,९९५ डॉलर होती, हे लक्षात घेतले म्हणजे झेरॉक्स आणि लिसा यांच्या कल्पना मॅकच्याच नावावर का जमा झाल्या, ते कळते.

मॅकसोबत मिळणाऱ्या मॅकराईटमध्ये पत्र लिहावे. तिसरी ओळ माऊसने निवडावी, कमांड आणि एक्स दाबून कापावी, वर जाऊन कमांड आणि व्ही दाबून चिकटवावी. बोटांना काहीच नवीन शिकावे लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर आजची सवय जशीच्या तशी चालते, ही नोंद दुसऱ्या रकान्यात ठळक करावी. त्या कीबोर्डवर बाणांच्या कळा मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. माऊस वापरल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

आता फोल्डरची परीक्षा. डेस्कटॉपवर फोल्डर तयार होतो, त्यात फाईल टाकताही येते. परंतु मॅकराईटमधून फाईल उघडू लागलात तर फोल्डर कुठेच दिसत नाही, फ्लॉपीवरच्या सगळ्या फाईल एकाच यादीत येतात. फोल्डर फक्त फाइंडरच्या, म्हणजे मॅकचा डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चित्रात होता, डिस्कच्या रचनेत नव्हता. खरे फोल्डर १९८५ साली हार्ड डिस्कसाठी केलेल्या नव्या फाईल पद्धतीबरोबर आले. चित्र आधी आणि त्यामागची व्यवस्था नंतर, हा क्रम जाहिरातीच्या पानावरून कधीच लक्षात आला नसता.

पुढे याच स्थळावर १९९१ ची सिस्टिम ७ सुरू करून दोन प्रोग्रॅम एकत्र चालवावेत, दुसऱ्यात काही हलणारे किंवा मोजणी करणारे ठेवावे, आणि पहिल्याचा मेनू उघडून माऊसचे बटण दाबूनच धरावे. मागचे काम थांबते. प्रोग्रॅम आपणहून पाळी सोडतील या भरवशावर ती व्यवस्था उभी होती. १९८५ च्या अमिगा या संगणकावर मात्र यंत्रणाच प्रत्येकाला पाळी वाटून देत असे, आणि ते काम तिने अवघ्या २५६ केबी मेमरीच्या यंत्रावर साधले होते. तरीही अमिगा माझ्या यादीत खाली आहे. तिच्याकडे पाहून इतरांनी आपली यंत्रणा बदलल्याचे मला दिसत नाही. ते इतरांना वेगळ्या वाटेने सुचले. अमिगाचे चाहते यावर रागावतील, आणि त्यांचा राग अगदीच निराधार नाही.

विंडोज : नक्कल, दुरुस्ती आणि मग कळस

नोव्हेंबर १९८५ ची विंडोज १.० पीसीजेएसवर पाच मिनिटे पाहिली तरी पुरे. तिच्यातील विंडो एकमेकींवर चढत नाहीत, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसतात. मे १९९० मधील ३.० वर मात्र थांबावे. तिच्या नोटपॅडमध्ये पत्र लिहून ‘एडिट’ हा मेनू उघडावा. कापण्यासाठी शिफ्ट आणि डिलीट, चिकटवण्यासाठी शिफ्ट आणि इन्सर्ट अशा कळा तिथे लिहिलेल्या दिसतील. मग एप्रिल १९९२ ची ३.१ सुरू करून तोच मेनू उघडावा : आता कंट्रोल आणि एक्स, कंट्रोल आणि व्ही. १९८४ च्या मॅकची सवय प्रतिस्पर्ध्याच्या मेनूत शिरलेली अशी डोळ्यांसमोर दिसते. (३.० सोबत आलेल्या सॉलिटेअरचे पत्ते सुझन केअर यांनी रेखाटले होते, आणि मूळ मॅकची चिन्हेही त्यांचीच.)

२४ ऑगस्ट १९९५ ची विंडोज ९५ या तपासणीत सर्वाधिक वेळ घेते, कारण पहिल्या रकान्यातील नोंदी इथे एकदम दुसऱ्यात जातात. लांब नाव चालते; तेवढ्यावर न थांबता पत्र साठवून झाल्यावर एमएस-डॉसची विंडो उघडावी आणि फाईलींची यादी मागवावी. नावाची पहिली सहा अक्षरे, मग एक नागमोडी चिन्ह आणि १ असे छोटे नाव डाव्या बाजूस दिसेल, आणि खरे लांब नाव उजव्या टोकाला. जुन्या प्रोग्रॅमना आठ अक्षरांपलीकडचे कळत नसल्यामुळे प्रत्येक फाईलला दोन नावे ठेवण्याची ही युक्ती होती. वस्तुतः मॅकवर लांब नावे आधीपासून होती. विंडोज ९५ चे यश नवलाईत नसून डॉसचे कोट्यवधी वापरकर्ते जुन्या सामानासकट पलीकडे नेण्यात आहे. स्टार्टचे बटण आणि टास्कबार यांच्याबाबत मात्र ती अस्सल होती. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम पडद्याच्या तळाशी बटणाच्या रूपात सतत दिसत राहणे ही आता इतकी सवयीची गोष्ट आहे की विंडोज ३.१ वर परत जाऊन एखादी विंडो लहान करून पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

एक परीक्षा सुरक्षिततेचीही करावी. विंडोज ९५ वर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड ठेवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली की एस्केप दाबावे. यंत्रणा आत घेते. हीच गोष्ट विंडोज एनटीवर चालत नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली एनटी ३.१ जुलै १९९३ मध्ये आली; चेहरा विंडोज ३.१ चा, पण आतला सांगाडा पूर्णपणे नवा. ऑक्टोबर २००१ च्या एक्सपीने घरगुती वापरकर्त्यांनाही त्या सांगाड्यावर आणले आणि आजची विंडोज ११ त्याचीच वंशज आहे.

देवनागरीची परीक्षा

मराठी वाचकाने हा भाग वगळू नये, कारण आपल्यासाठी सर्वांत मोठा बदल विंडोज ९५ ने केला नाही. डॉसच्या काळात देवनागरी पडद्यावर आणण्यासाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड हे त्याचे ठळक उदाहरण. विंडोज ३.१ ते ९८ या काळात सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी यांसारख्या पॅकेजांनी छपाईची आणि कार्यालयांची गरज भागवली. पण तिथे संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच्याच संकेतस्थानावर असे, फक्त फॉन्ट त्याला देवनागरी आकार देई. याची प्रचीती घ्यायची असेल तर त्या काळातील एखादी मराठी फाईल तिचा फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडावी. पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तीत एखादा शब्द शोधता येत नाही, की अकारविल्हे लावता येत नाही.

१७ फेब्रुवारी २००० रोजी आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोडची (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीची) देवनागरी, मंगल हा फॉन्ट आणि मराठी, कोंकणी, हिंदी व संस्कृत यांची सोय यंत्रणेतच आली. आपली चाचणीची ओळ इथे लिहावी. नियंत्रण पॅनेलमधील प्रादेशिक पर्यायांत जाऊन भारतीय भाषांची सोय आधी चालू करावी लागते आणि त्या वेळी यंत्रणा मूळ सीडी मागते. म्हणून सीडीची प्रतिमा आभासी संगणकाला जोडलेली असू द्यावी. एक्सपीतही हाच प्रकार आहे, आणि त्या काळी ज्यांच्याकडे सीडी नव्हती त्यांच्या पडद्यावर मराठी मजकुराच्या जागी चौकोन का दिसत, याचा उलगडा इथे होतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड निवडून ‘दुसऱ्या कैऱ्या’ लिहावे आणि अर्धा र आपल्या मराठी पद्धतीने उमटतो का, ते बारकाईने पाहावे. ‘ॲल्युमिनियम’ लिहिताना मात्र अडचण येईल. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाला, त्यामुळे आजच्या संगणकावर लिहिलेला तो शब्द तिथे नेला तर पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन येतो. जुन्या मजकुरात ‘अ’पुढे अर्धचंद्र जोडून हे अक्षर साधलेले आढळते ते यामुळेच.

जागतिक याद्यांमध्ये विंडोज २००० ला फार तर एखादे वाक्य मिळते. माझ्या वहीत ती विंडोज ९५ च्या बरोबरीने आहे.

उरलेल्यांपैकी दोन-तीन

मॅक ओएस एक्सची १०.० ही आवृत्ती २४ मार्च २००१ ची. तिचे मूळ १९८९ च्या नेक्स्टस्टेपमध्ये आहे. ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट ही कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि तिच्या यंत्रणेवर नवा मॅक उभारला. जगातील पहिला वेब ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली नेक्स्टच्याच संगणकावर लिहिला होता. मॅक ओएस एक्स क्यूईएमयू या इम्युलेटरवर चालते, पण तिथवर पोहोचणे चिकाटीचे काम आहे. जमल्यास मेनू दाबून धरण्याची तीच परीक्षा करावी, मागचे काम आता थांबत नाही.

लिनक्ससाठी १९९९ ची डेबियन २.१ आणि ऑक्टोबर २००४ ची उबुंटू ४.१० एवढ्या दोन पुरेत. पहिलीत एपीटी हे साधन प्रथम आले : प्रोग्रॅमचे नाव सांगितले की तो आणि त्याला लागणारे सारे घटक एका भांडारातून आपोआप बसतात. मॅकवर असे अधिकृत भांडार २०११ मध्ये आणि विंडोजवर २०१२ मध्ये आले, फरक इतकाच की तिथे त्याला दुकानाचे रूप मिळाले. उबुंटूने तेच साधन जाणकारांच्या वर्तुळाबाहेर नेले आणि मागेल त्याच्या पत्त्यावर सीडी फुकट पाठवली. या आवृत्त्यांची मूळ भांडारे आता आपल्या जागी नाहीत. डेबियनसाठी ‘आर्काइव्ह’ आणि उबुंटूसाठी ‘ओल्ड रिलीजेस’ या संग्रहांचे पत्ते एपीटीच्या यादीत भरल्याशिवाय काहीही उतरत नाही.

वहीचे शेवटचे पान ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ साठी राखावे. संगणकाची फारशी सवय नसलेल्या घरातल्या कोणाला तरी बोलवावे, पत्र लिहून साठवायला आणि मग संगणक बंद करायला सांगावे, आणि आपण हाताची घडी घालून घड्याळ पाहत बसावे. पत्राचे काम होईल. बंद करण्याची सोय मात्र पडद्याच्या उजव्या कडेत दडवलेली आहे आणि तिथे पोहोचण्यासाठी माऊस कोपऱ्यात न्यावा लागतो, हे सुचवणारी एकही खूण पडद्यावर नाही. डावीकडे तळाशी जिथे नजर आधी जाते, तिथले स्टार्टचे बटण काढून टाकलेले आहे. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये, ते बटण परत आले. ८ आणि ८.१ यांच्यामधले हे वर्षभराचे अंतर विंडोज ९५ च्या पानावर नोंदवावे : तिने लावलेली सवय तिच्याच वारसांना मोडता आली नाही.